एका डेस्कटॉपची इमेज, पाच मुके लॅपटॉप: फोंड्यातील वाचनालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातील एका गावच्या मराठी वाचनालयाला २०२४ च्या पावसाळ्यात देणगीदाखल पाच नवे लॅपटॉप मिळाले. सगळे एकाच मॉडेलचे: १२व्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, विंडोजशिवाय. वाचनालयात आधीपासून एक जुना डेस्कटॉप होता, चौथ्या पिढीच्या इंटेलचा. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचे एक मोफत वितरण) बिनतक्रार चालत होती. मराठी कळफलक, प्रिंटर, मुलांची खाती, एक्सएफसीई डेस्कटॉप, सगळे लावून झालेले.

लॅपटॉपकडून कामे दोन हवी होती. शाळकरी मुलांना इंटरनेट, आणि गावातल्या वयस्क भजनींकडच्या जुन्या चालींचे ध्वनिमुद्रण. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. चवथ तोंडावर आली की भजनी मंडळी कोणाच्या हाती लागत नाहीत, त्यामुळे मुद्रण त्याआधीच उरकायचे होते.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी काम अंगावर घेतले. पाच यंत्रांवर पाच वेळा इन्स्टॉल करत बसण्यापेक्षा डेस्कटॉपची क्लोनझिला या प्रोग्रामने इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढायची आणि ती पाचही लॅपटॉपवर उतरवायची असे त्यांनी ठरवले. डेस्कटॉपवरची डेबियन यूईएफआय या नव्या पद्धतीने बसवलेली होती आणि ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) काढता येण्याजोग्या डिस्कच्या मार्गावरही टाकलेला होता, म्हणून लॅपटॉप पहिल्या झटक्यात सुरू झाले. लॉगिनचा पडदा दिसला, मराठी टाइप झाले, आणि काम झाले असे सगळ्यांनी धरले.

पुढे आलेल्या आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

अडचण

वाय-फायच्या यादीत एकही नेटवर्क दिसेना. ‘वाय-फाय सुरू करा’ हा पर्यायच मेनूत नव्हता.

तारेचे नेटवर्क आणखी बुचकळ्यात टाकणारे. एकच लॅपटॉप स्विचला जोडला तर इंटरनेट ठीक. दुसरा जोडला की दोन्ही अडखळायला लागत: पान अर्धे उघडे, मग थांबे, मग पुन्हा चाले. पाचही जोडले की कोणालाच काही मिळत नसे. विद्यार्थ्यांनी स्विच बदलून पाहिला, केबलची टोके नव्याने क्रिंप केली. फरक शून्य.

आवाजाच्या जागी ‘डमी आउटपुट’. स्पीकर गप्प, हेडफोन गप्प, आतला माइक यादीतच नाही.

तिन्ही तक्रारी ‘चालत नाही’ याच शब्दांत सांगितल्या गेल्या आणि म्हणून तिघींचे मूळ एकच असावे असे गृहीत धरले गेले. पहिला अंदाज ‘या लॅपटॉपला लिनक्स सोसत नाही’ हा होता. तो चुकीचा होता. दोष तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर होते: वाय-फायला ड्रायव्हरच (उपकरण चालवणारा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग) नव्हता, आवाजाला ड्रायव्हर होता पण फर्मवेअर (ड्रायव्हरने उपकरणावर चढवायची फाइल) नव्हते, आणि तारेच्या कार्डाला दोन्ही होते, पण त्याची मांडणी दुसऱ्याच यंत्रासाठी लिहिलेली होती.

तपासणी

हे वेगळेपण ओळखायला एका आज्ञेत बरेचसे काम होते: एलएसपीसीआय -एनएनके. प्रत्येक उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे की नाही, एवढेच आधी पाहायचे.

वाय-फाय कार्डाच्या नोंदीत ओळख क्रमांक १०ईसी:बी८५२ दिसला, म्हणजे रिअलटेकचे आरटीएल८८५२बीई. त्याखाली ड्रायव्हरची ओळ नव्हती. इथे ‘आरएफकिल लिस्ट’ (वाय-फाय अडवलेले आहे का ते दाखवणारी आज्ञा) चालवण्यात किंवा कळफलकावरचे विमानाचे बटण दाबत बसण्यात अर्थ नसतो, कारण अडवायला आधी उपकरण कर्नलच्या हाती लागलेले असावे लागते. विद्यार्थ्यांची बरीचशी एक दुपार मात्र त्यातच गेली.

या कार्डाचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये ६.२ पासून आला, आणि ६.२ प्रसिद्ध झाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली खरी, पण तिचा कर्नल ६.१ मालिकेचा आहे आणि त्या आवृत्तीच्या आयुष्यभर तोच राहतो. दुरुस्त्या येत राहतात, नव्या कार्डांचे ड्रायव्हर सहसा येत नाहीत. वितरण कार्डानंतरचे, पण त्यातला कर्नल कार्डाआधीचा: स्वस्त नव्या लॅपटॉपांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

आवाजाच्या कंट्रोलरखाली मात्र ड्रायव्हरचे नाव होते: सॉफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल. ड्रायव्हर आहे आणि कार्ड नाही, म्हणजे पुढचा शोध कर्नलच्या नोंदीत. डीमेसेजमध्ये ‘सॉफ’ शोधल्यावर ओळ सापडली: इंटेल/सॉफ/सॉफ-एडीएल.आरआय ही फाइल मिळाली नाही, एरर -२. वजा दोन म्हणजे फाइलच जागेवर नाही. फाइल खराब किंवा हार्डवेअर बिघडलेले असते तर आकडा दुसरा आला असता.

तारेच्या कार्डाचा ड्रायव्हर, आर८१६९, व्यवस्थित लागलेला. एनएमसीएलआय डिव्हाइस या आज्ञेने त्याच्यापुढे ‘अनमॅनेज्ड’ दाखवले, आणि आयपी अ‍ॅड्रेस पाहिल्यावर उलगडा झाला: पाचही लॅपटॉपवर एकच पत्ता, १९२.१६८.१.५०. प्रिंटर सामायिक करण्यासाठी डेस्कटॉपला तो कायमचा दिलेला होता, /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत, ईएनपी२एस० या नावाखाली. योगायोगाने लॅपटॉपच्या तारेच्या कार्डालाही तेच नाव मिळाले. ईएनपी२एस० याचा अर्थ दुसऱ्या पीसीआय बसवरचे कार्ड, इतकाच. एकाच नावाची दोन यंत्रे सहज निघतात. नाव निराळे निघाले असते तर नेटवर्क मॅनेजरने ते कार्ड आपसूक ताब्यात घेऊन राउटरकडून नवा पत्ता मागितला असता आणि ही तक्रार उद्भवलीच नसती. डेबियनमध्ये जे कार्ड त्या फाइलीत लिहिलेले असते त्याला नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही.

स्विच बदलण्याआधी दोन लॅपटॉपवर आयपी पत्ता वाचला असता तर ते पाच मिनिटांत कळले असते. पाचही नवी यंत्रे एकाच तऱ्हेने बिघडतात तेव्हा सुटे भाग तपासण्यात वेळ घालवू नये, त्यांच्यातली समाईक गोष्ट पाहावी, आणि इथे समाईक होती ती इमेज.

फर्मवेअर इमेजमध्ये का नव्हते

जुन्या मार्गदर्शनात अजूनही ‘अनधिकृत नॉन-फ्री आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवून घ्या’ असा सल्ला सापडतो. त्याची गरज आता उरलेली नाही. २०२२ च्या मतदानानंतर डेबियनने अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर द्यायचे ठरवले, आणि डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग आला. इन्स्टॉलर समोरचे हार्डवेअर ओळखतो आणि त्याला लागणारी फर्मवेअर पॅकेजे बसवतो.

समोरचे हार्डवेअर, हा मुद्दा इथे निर्णायक ठरला. इन्स्टॉलरपुढे जुना डेस्कटॉप होता. त्याला ना सॉफ फर्मवेअर लागत होते ना वाय-फायचे. त्यामुळे ती पॅकेजे बसली नाहीत, आणि इमेजमधूनही आली नाहीत. लॅपटॉपवर थेट इन्स्टॉल केले असते तर आवाजाची अडचण बहुधा उभीच राहिली नसती. वाय-फायची मात्र राहिली असती, कारण तिथे फर्मवेअर नव्हे, कर्नल कमी पडत होता. एका विद्यार्थ्याने आधी फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज आणून बसवले आणि काहीच बदलले नाही म्हणून तो गोंधळला. फर्मवेअर मागतो ड्रायव्हर. ड्रायव्हरच नसेल तर ती फाइल डिस्कवर पडून राहते.

वाय-फायसाठी कोणते पर्याय होते

डेबियन सोडून उबुंटू २४.०४ घेणे. त्यातला कर्नल ६.८, म्हणजे कार्ड लगेच चालले असते. कोऱ्या यंत्रांपासून सुरुवात असती तर हाच सर्वांत सोपा मार्ग होता, त्यात कमीपणा काही नाही. पण डेस्कटॉप डेबियनवर आणि लॅपटॉप उबुंटूवर, तर सांभाळणाऱ्याला दोन घरे सांभाळावी लागतात. वाचनालयाच्या चिटणीसांनी नेमकी यालाच हरकत घेतली: विद्यार्थी परीक्षेला गेले की कोणाला विचारायचे?

कर्नलबाहेरचा ड्रायव्हर इंटरनेटवरून आणून डीकेएमएसने बसवणे. हा उपाय चटकन सापडतो आणि चालतोही. पण प्रत्येक कर्नल अपडेटला मॉड्यूल नव्याने बांधले जाते, त्यासाठी हेडर्स आणि कंपायलर बसवून ठेवावे लागतात, आणि बांधणी फसली की वाय-फाय जाते. शिवाय लॅपटॉपवर सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कर्नल किंवा मॉड्यूल चालू न देणारी सोय) सुरू होते. बाहेरचे मॉड्यूल त्यात चालवायचे तर स्वतःची किल्ली तयार करून प्रत्येक यंत्राच्या निळ्या पडद्यावर ती नोंदवावी लागते. पाच यंत्रांवर ते एकदा जमते; मदरबोर्ड बदलला किंवा फर्मवेअरची मांडणी मूळ स्थितीला नेली की पुन्हा करावे लागते.

यूएसबी डोंगल. काही शे रुपयांची वस्तू, पण खोक्यावर चिपचे नाव नसते आणि एकाच मॉडेल नावाखाली दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत निराळीच चिप असते. अथेरॉस एआर९२७१ किंवा मीडियाटेक एमटी७६१२यू असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. दुकानात विचारले तर ‘लिनक्सवर चालते’ एवढेच उत्तर मिळते. शिवाय मुलांच्या हाताळणीत यूएसबीला लोंबणारी वस्तू किती टिकणार, हाही प्रश्न होताच.

आतले कार्ड बदलणे. इंटेल एएक्स२१० हे सर्वसाधारण एम.२ खाचेत चालते. त्याच्यासारखेच दिसणारे एएक्स२११ मात्र सीएनव्हीआय प्रकारचे आहे; त्याचा निम्मा भाग प्रोसेसरच्या बाजूला असतो, आणि खाच तशी जोडलेली नसेल तर ते दिसतच नाही. रिअलटेक कार्डासह आलेल्या लॅपटॉपमध्ये ती जोडणी असेलच असे नाही. अँटेनाच्या तारांची टोके इतकी बारीक की पहिल्याच वेळी उघडणाऱ्याकडून एखादे वाकते. नव्या, वॉरंटीतल्या पाच यंत्रांची झाकणे उघडायला चिटणीस तयार झाले नाहीत, आणि ते बरोबर होते.

राहिला बॅकपोर्ट्सचा मार्ग: डेबियन १२ तशीच ठेवायची, फक्त कर्नल आणि रिअलटेकचे फर्मवेअर डेबियनच्याच बॅकपोर्ट्स भांडारातून (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजे) नवे घ्यायचे. हा कर्नल डेबियनच्या किल्लीने सही केलेला असतो, म्हणून सिक्युअर बूटला हात लावावा लागत नाही. तोटा असा की बॅकपोर्ट्सला सुरक्षा दुरुस्त्यांची हमी मूळ आवृत्तीइतकी पक्की नाही. तो कर्नल अपडेट करत राहणे भाग असते. हा मार्ग निवडला.

नेटवर्कसाठी काय केले

पहिला निर्णय थोडा महागात गेला. तार ‘बिघडलेली’ असल्याचे गृहीत धरून विद्यार्थ्यांनी फोन यूएसबीने जोडून मोबाइलचे इंटरनेट घेतले. जोडणी स्वतःहून झाली, कारण त्याला लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. पण पावसात गावात सिग्नल जेमतेम, आणि कर्नलचे पॅकेज शंभरेक एमबीचे. एका लॅपटॉपवर ‘एपीटी इन्स्टॉल’ (डेबियनची पॅकेजे बसवणारी आज्ञा) करून झाल्यावर तीच पॅकेजे पेनड्राइव्हवर घेऊन बाकी चौघांवर टाकायचा बेत होता. /व्हार/कॅश/एपीटी/अर्काइव्हज उघडले तर रिकामे. ‘एपीटी’ ही आज्ञा इन्स्टॉल यशस्वी झाल्यावर उतरवलेली पॅकेजे पुसून टाकते. ‘एपीटी-गेट’ ती ठेवते. अनेक वर्षे लिनक्स वापरणाऱ्यांनाही हा फरक अशा वेळीच कळतो. पॅकेजे दुसरीकडे न्यायची असतील तर एपीटी-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली अशीच आज्ञा द्यावी.

त्यानंतर तारेचा उलगडा झाला आणि मोबाइलची गरज संपली. प्रत्येक लॅपटॉपवर क्रम असा राहिला.

इंटरफेसेस फाइलीतला ईएनपी२एस० चा संपूर्ण उतारा काढून फक्त लूपबॅकच्या (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीच्या), म्हणजे एलओ च्या, ओळी ठेवल्या. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर नेटवर्क मॅनेजरने कार्ड ताब्यात घेतले आणि पत्ता राउटरकडून आला. सोबत क्लोनची बाकीची जुळी अपत्ये निस्तरली: यंत्राचे नाव, /ईटीसी/मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) यजमान-किल्ल्या पाचही ठिकाणी त्याच होत्या. मशीन-आयडीची फाइल रिकामी करून सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप चालवले की नवा क्रमांक मिळतो.

मग भांडारांच्या यादीत बुकवर्म-बॅकपोर्ट्सची (बुकवर्म हे डेबियन १२ चे टोपणनाव) ओळ घातली, विभाग मेन, कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री-फर्मवेअर. तिसरा विभाग विसरला तर कर्नल नवा येतो आणि फर्मवेअर जुनेच राहते. पुढे एपीटी-गेट अपडेट, आणि -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स हा पर्याय देऊन लिनक्स-इमेज-एएमडी६४ व फर्मवेअर-रिअलटेक अशी दोन्ही पॅकेजे एकाच आज्ञेत. -टी न दिल्यास एपीटी मूळ आवृत्तीच पसंत करते आणि ‘आधीच नवीनतम आहे’ असे सांगून मोकळी होते. जुना ६.१ कर्नल काढला नाही. ग्रबच्या मेनूत तो राखीव राहिला.

पुन्हा सुरू केल्यावर एलएसपीसीआयमध्ये आरटीडब्ल्यू८९ कुटुंबाचे नाव ड्रायव्हरच्या जागी आले आणि नेटवर्कांची यादी भरली. एका लॅपटॉपवर झोपेतून उठल्यानंतर वाय-फाय नाहीसे होई. त्यावर /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये एक फाइल करून आरटीडब्ल्यू८९_पीसीआय या मॉड्यूलला डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय आणि डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस=वाय हे पर्याय दिले. पीसीआय जोडणीची वीजबचत थोडी कमी होते, बॅटरीवर किंचित भार येतो, पण कार्ड गळत नाही. तक्रार एकाच यंत्राची होती म्हणून उपायही तेवढ्यावरच ठेवला.

सिग्नलची एक गोष्ट लिनक्सशी संबंधित नव्हती, तरी सुरुवातीला खापर लिनक्सवरच फुटले. राउटर पुढच्या खोलीत, लॅपटॉप मागच्या, मध्ये चिऱ्यांची जाड भिंत. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या भिंतीपलीकडे अर्धमेला पोचत होता. राउटरवर दोन पट्ट्यांना वेगळी नावे देऊन मागच्या खोलीतील यंत्रे २.४ वर जोडली.

आवाज: खरा गुंता इथे झाला

या लॅपटॉपमध्ये झाकणावर डिजिटल माइक आहेत. कर्नल सुरू होताना ते आढळले की इंटेलच्या ध्वनियंत्रणेसाठी जुन्या एचडीए ड्रायव्हरऐवजी सॉफ ड्रायव्हर निवडला जातो, कारण डिजिटल माइक इंटेलच्या वेगळ्या ध्वनिप्रक्रियकाला जोडलेले असतात आणि त्याच्यावर फर्मवेअर चढवल्याशिवाय ते बोलत नाहीत. स्पीकरना त्या फर्मवेअरची स्वतःची गरज नसते. तरी माइकसाठी निवडलेला ड्रायव्हर फर्मवेअर न मिळाल्याने अडकला की स्पीकरही त्याच्याबरोबर गप्प होतात. डिजिटल माइक नसलेला जुना डेस्कटॉप याच इमेजवर का बोलतो, याचे उत्तर यात आहे.

एका विद्यार्थ्याला शोधताना एक झटपट तोडगा मिळाला होता: मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत स्नड_इंटेल_डीएसपीसीएफजी या मॉड्यूलला डीएसपी_ड्रायव्हर=१ हा पर्याय द्यायचा. त्यामुळे कर्नल जबरदस्तीने जुना एचडीए ड्रायव्हर घेतो आणि स्पीकर लगेच वाजतात. पाचही लॅपटॉपवर ती फाइल टाकली गेली, गाणे वाजले, सगळे खूश. आतला माइक मात्र दिसणे या मार्गाने शक्य नव्हते, आणि ध्वनिमुद्रणाची वेळ येईपर्यंत तो कोणी तपासला नाही.

तपासला तेव्हा दुसऱ्या विद्यार्थ्याने योग्य उपाय केला: फर्मवेअर-सॉफ-साइन्ड बसवले. प्रक्रियकासाठीची .आरआय फाइल आणि जोडणीचा नकाशा सांगणारी .टीपीएलजी फाइल दोन्ही याच पॅकेजमध्ये येतात. एकच फाइल हाताने उचलून टाकली तर पहिली एरर जाऊन दुसरी येते. पॅकेज बसले, यंत्र पुन्हा सुरू केले, माइक अजून नाही. मग आधीचा तोडगा माहीत नसलेल्या या मुलाने अल्सामिक्सर (आवाजाच्या पातळ्या), पल्सऑडिओ (आवाज वाटणारी सेवा), बायॉस (यंत्राची मूळ मांडणी) असा सगळा प्रवास केला.

खरे तर एलएसपीसीआय -एनएनकेची तीच ओळ पुन्हा वाचायला हवी होती. ड्रायव्हरच्या जागी आता सॉफऐवजी स्नड_एचडीए_इंटेल लिहिलेले होते. म्हणजे कोणीतरी निवड बदलली आहे. मॉडप्रोब.डी मध्ये ‘डीएसपी’ शब्द शोधताच फाइल सापडली. ती काढली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि डीमेसेजमध्ये फर्मवेअरची आवृत्ती छापून आली.

तरीही पल्सऑडिओच्या इनपुट यादीत डिजिटल माइक नव्हता. कारण इमेजच्याही आधीचे निघाले. जुन्या डेस्कटॉपवर जागा वाचवण्यासाठी एक्सएफसीई ‘शिफारस केलेली पॅकेजे नको’ असा पर्याय देऊन बसवला होता. अल्सा-यूसीएम-कॉन्फ हे पॅकेज डेबियनमध्ये शिफारशीतून येते, सक्तीने नाही. सॉफ कार्डावर कोणता माइक कुठे, हेडफोन लावल्यावर काय बंद करायचे हे पल्सऑडिओला यूसीएमच्या फाइलींतून कळते. त्या नसल्या तर आतला माइक यादीत येत नाही. हे छोटेसे पॅकेज बसवून लॉगआउट करून परत आल्यावर ‘डिजिटल मायक्रोफोन’ दिसला. अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून डीमाइक०ची पातळी वाढवली, दहा सेकंद मुद्रित करून ऐकले.

क्रमाने पाहिले तर या एका माइकपुढे तीन अडथळे होते: फर्मवेअर नाही, तात्पुरता तोडगा, यूसीएम नाही. एक काढला तरी बाहेरून दिसणारे चित्र तेच राहत होते, आणि म्हणून प्रत्येक बरोबर पाऊल चुकीचे वाटत होते. अशा ठिकाणी ‘आवाज आला का’ हा प्रश्न पुरत नाही. प्रत्येक पावलानंतर डीमेसेजची ओळ बदलली का, एप्ले -एल मध्ये कार्ड आले का, हे लिहून ठेवावे लागते.

जुन्या डेस्कटॉपची तक्रार याच काळात आली आणि ती वेगळीच होती: मागचे स्पीकर अचानक बंद. पावसाळी दमटपणात पुढच्या हेडफोन खोबणीतला स्पर्श गंजून यंत्राला सतत ‘हेडफोन लागला आहे’ असे वाटत होते. अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट मोड बंद केला, पल्सऑडिओच्या कंट्रोलमध्ये पोर्ट हाताने लाइन आउट केला, खोबणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. काम संपले.

ध्वनिमुद्रणाचा निर्णय

आतला माइक चालू झाला, पण भजनासाठी तो वापरायचा नाही असे ठरले. झाकणावरचे माइक बोलण्यासाठी असतात; पखवाजाचा ठोका त्यात फुटतो आणि पंख्याची घरघर मागे राहते. यूएसबी वर्गाचे मानक पाळणारा एक साधा माइक घेतला. त्याला वेगळे फर्मवेअर किंवा ड्रायव्हर लागत नाही, स्नड-यूएसबी-ऑडिओ कर्नलमध्ये असतोच. ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला साधारण ३४६ एमबी. सर्वांत मोठा ठोका वजा १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी.

चाचणीत एक बारीक गुणगुण येत होती. जुन्या घराच्या सॉकेटना अर्थिंग नव्हते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की गुणगुण थांबे. वायरमनला बोलवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मुद्रण बॅटरीवर आणि वाय-फाय बंद ठेवून केले. यंत्रे दोन, एक चालू तर दुसरे चार्जिंगला.

निष्पत्ती

पाचही लॅपटॉप वाय-फाय आणि तार दोन्हींवर चालू लागले, आवाज आणि माइक लागले, आणि ठरलेले बहुतेक मुद्रण चवथीच्या आधी झाले. दोन बुजुर्ग पावसामुळे येऊ शकले नाहीत. त्यांचे नंतर झाले. झोपेतून उठताना वाय-फाय गळण्याची तक्रार त्या एका यंत्रावर पुन्हा आली नाही. सॉकेटचे अर्थिंग हे काम मात्र चिटणीसांच्या यादीत तसेच राहिले.

काय वेगळे करता आले असते

इमेज जुन्या डेस्कटॉपवरून न काढता एका लॅपटॉपवर ताजे इन्स्टॉल करून, तपासून, मग त्याची काढायला हवी होती. ते शक्य नसेल तर इमेज काढण्याआधी तिच्यात फर्मवेअर-सॉफ-साइन्ड, फर्मवेअर-रिअलटेक, फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-अथेरॉस, फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री आणि अल्सा-यूसीएम-कॉन्फ भरून ठेवावे. इंटरफेसेस फाइलीत लूपबॅकखेरीज काही ठेवू नये. मशीन-आयडी रिकामा करावा. थोडी जागा जाते, त्यापलीकडे तोटा नाही.

देणगीदाराने खरेदीआधी विचारले असते तर दुकानातच लाइव्ह पेनड्राइव्हवरून एलएसपीसीआय -एनएनके चालवून पाहता आले असते. देणगीच्या वस्तूबाबत हे नेहमी जमत नाही. पण नुसता मॉडेल क्रमांक पुरत नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन खेपांत वाय-फाय कार्ड वेगळे निघते.

डीएसपी_ड्रायव्हरचा तोडगा वापरण्यात चूक नव्हती. चूक तो पाचही यंत्रांवर टाकण्यात आणि कुठे न लिहिण्यात होती. एका यंत्रावर, फाइलीच्या पहिल्याच ओळीत तारीख आणि ‘तात्पुरते, माइक बंद राहील’ असा शेरा, एवढे पुरले असते. त्यानंतर वाचनालयाने एक वही ठेवली आहे. /ईटीसी खाली हाताने बदललेली प्रत्येक फाइल तिच्यात उतरते.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिचा कर्नल ६.१२ मालिकेचा, म्हणजे या कार्डाला बॅकपोर्ट्स लागत नाहीत. लॅपटॉप तिच्यावर नेताना आधी बुकवर्म-बॅकपोर्ट्सची ओळ काढायची, अपग्रेड करायचे, नवा कर्नल चालला की मगच जुने कर्नल पुसायचे. आरटीडब्ल्यू८९ची फाइल असलेल्या लॅपटॉपवर ती फाइल आधी बाजूला ठेवून झोपेची चाचणी घ्यायची. वाय-फाय टिकले तर ती परत आणायची नाही.